दिवा पावणेदोन वर्षं, हिशोब चाळीस वर्षं : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची गोष्ट

१२ मे आला की ग्रामीण रुग्णालयात मेणबत्त्या पेटतात, सिस्टर मंडळी शपथ घेतात, केक कापला जातो, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि आम्ही बातमी लावतो. मागच्या बॅनरवर हातात दिवा घेतलेली एक बाई असते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव सगळ्यांना माहीत. जागतिक परिचारिका दिन त्यांच्या वाढदिवसाला पाळतात, हेही बऱ्याच जणांना माहीत.

पण जखमी सैनिकांमधून दिवा घेऊन फिरण्याचं काम बाईंनी केलं ते उणीपुरी पावणेदोन वर्षं. त्यानंतरची चाळीसेक वर्षं त्या स्वतःच आजारी होत्या. बराच काळ खोलीबाहेर पडणंही होत नव्हतं. अंथरुणावर बसून त्या हिशोब मांडत होत्या. किती माणसं मेली, कशानं मेली, त्यातली किती वाचली असती. आज नर्सिंग कॉलेजात पेशंटच्या तब्येतीवर, त्यानं स्वतःची काळजी कशी घ्यावी यावर आणि आजारपण काढणाऱ्या घरच्या माणसाच्या हालावर जो अभ्यास चालतो, त्याची पहिली वही या बाईंनी लिहिली. दिव्याची गोष्ट सगळे सांगतात. वहीची फार कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

जन्म १२ मे १८२०, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. आईवडील इंग्रज, लग्नानंतर युरोपात फिरतीवर होते. मुलगी जिथं झाली त्या शहराचंच नाव तिला ठेवलं. थोरली बहीण नेपल्सला जन्मली म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव, पार्थेनोपी. घर गर्भश्रीमंत. इंग्लंडात दोन मोठे वाडे, नोकरचाकर, पाहुण्यांची वर्दळ. वडील शिकलेले होते. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला त्यात गणिताची गोडी लागली.

सोळाव्या वर्षी तिला वाटलं, देवानं आपल्याला कामासाठी बोलावलंय. कोणतं काम, ते उमगायला बरीच वर्षं गेली. आसपासच्या खेड्यांत गरीब आजाऱ्यांकडं ती जायची. आजीचं आजारपण तिनं काढलं. १८४५ साली तिनं सॉल्सबरीच्या रुग्णालयात काम शिकायची परवानगी मागितली आणि घरात रणकंदन झालं. त्या काळात नर्स म्हणजे अडाणी, दारू पिणारी, दुसरं कुठलंच काम न मिळालेली बाई, असा समज होता. चांगल्या घरची मुलगी तिथं जाणार म्हणजे घराण्याची अब्रू गेली. आईनं साफ नाही म्हटलं. मग ही मुलगी पहाटे उठून, घर जागं व्हायच्या आत, रुग्णालयांचे आणि सरकारी आरोग्याचे अहवाल वाचायची. एक चांगलं स्थळ बरीच वर्षं मागं होतं, माणूस तिलाही आवडत होता. १८४९ मध्ये तिनं त्याला नकार दिला. शेवटी १८५१ साली, एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतल्या कायझरवर्थ इथं तीन महिने राहून ती रुग्णसेवा शिकली.

१८५३ साली लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका छोट्या दवाखान्याचा कारभार त्यांच्याकडं आला. पगार नाही, वडिलांनी वर्षाला ५०० पौंड बांधून दिलेले. तिथं बाईंनी काय केलं बघा. प्रत्येक मजल्यावर नळानं गरम पाणी नेलं. जेवण वर चढवायला दोरखंडाची लिफ्ट बसवली. कोणत्या पेशंटनं घंटा वाजवली ते कळेल अशी सोय केली. कारण सरळ होतं. नर्सचा निम्मा दिवस जिने चढण्या-उतरण्यातच जात असेल तर ती पेशंटकडं बघणार कधी? सेवा करणारीचे पाय वाचवणं हा पेशंटच्या उपचाराचाच भाग आहे, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होतं.

पुढच्याच वर्षी रशियाविरुद्ध क्रिमियाचं युद्ध पेटलं. इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूनं उतरले. टाइम्सच्या बातमीदारांनी जखमी सैनिकांचे हाल छापले, तसा इंग्लंडात गदारोळ झाला. (बातमीनं सरकार हलतं, त्याचा हा जुना दाखला.) मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंच्या ओळखीचे. त्यांनी बोलावलं. ३८ बायका घेऊन बाई निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथं लष्करी इस्पितळात पोचल्या.

लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. बाईंनी डोकं थंड ठेवलं. डॉक्टर सांगत नाहीत तोवर एकाही नर्सनं पेशंटला हात लावायचा नाही, असं बजावलं. चार दिवसांत जहाजं भरभरून जखमी यायला लागले आणि डॉक्टरांनीच हाक मारली. मग धुणीघर उभं राहिलं, सैनिकांच्या बायकांना त्यात काम मिळालं. आजाऱ्यांसाठी वेगळा स्वयंपाक सुरू झाला. पुढं लंडनचा नावाजलेला आचारी अलेक्सी सोयर स्वतः येऊन भटारखाना सुधारून गेला. मरणाऱ्याची शेवटची पत्रं बाई लिहायच्या. सैनिकांचा पगार दारूत जाऊ नये म्हणून तो त्यांच्या घरी पाठवायची व्यवस्था लावली. रात्री वॉर्डातून फेरी असायची. तो दिवा चित्रात दाखवतात तसा समईसारखा नव्हता, घडी होणारा तुर्की कंदील होता.

याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल यांनीही सैनिकांची सेवा केली. लंडनमध्ये त्यांना नकार मिळाला तेव्हा स्वतःच्या खर्चानं आघाडीजवळ जाऊन त्यांनी खाणावळ थाटली आणि औषधपाणी केलं. त्यांचं नाव बॅनरवर येत नाही, म्हणून इथं घेतलं.

आता खरी गोष्ट. एवढं सगळं करूनही माणसं मरतच होती. त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीत सुमारे चार हजार सैनिक दगावले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या शंभरांमागे ४२ जण मरत होते. गोळी लागून नव्हे, तर जुलाब, कॉलरा, तापानं. स्वच्छ चादर होती, गरम सूप होतं, रात्रंदिवस जागणाऱ्या नर्स होत्या. तरी मरत होते.

मार्चमध्ये सरकारनं पाठवलेला स्वच्छता आयोग आला. त्यांनी इमारतीखाली बघितलं. इस्पितळ तुंबलेल्या गटारांवर उभं होतं, तिथला वास भिंतींतून वॉर्डात येत होता. पाणी येण्याच्या वाटेत मेलेली जनावरं होती. आयोगानं गटारं वाहती केली, घाण गाड्या भरभरून काढली, पाणी साफ केलं, भिंतींना चुना दिला, हवा खेळायला जागा केली. जूनपर्यंत शंभरातले मरणारे दोनाच्या आसपास आले.

जुलै १८५६ मध्ये बाई परत निघाल्या. स्वागताचे बँडबाजे टाळायला मिस स्मिथ नावानं प्रवास केला. इंग्लंडात त्या देवी झाल्या होत्या. त्यांच्या नावानं सुमारे ४५ हजार पौंड निधी गोळा झाला होता. पण बाईंना एकच प्रश्न खात होता, इतके का मेले? विल्यम फार हे मजुराच्या घरातून वर आलेले आकडेतज्ज्ञ जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या सरकारी कचेरीत होते. त्यांच्याबरोबर बाई लष्कराचे आकडे घेऊन बसल्या. हिशोब लागत गेला तसं दिसलं की युद्धात आजारानं गेलेले ब्रिटिश सैनिक १६ हजारांवर, लढाईत आणि जखमांनी गेलेले पाच हजारांच्या आत. आघाडीवरच्या गैरसोयीच्या तंबूतल्या दवाखान्यांपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या इस्पितळात, म्हणजे त्यांच्याच इस्पितळात, मरणाचं प्रमाण जास्त होतं. आयोगामुळं नेमका किती फरक पडला यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण बाईंनी त्यातून घेतलेला धडा उघड आहे. नुसती माया आणि जागरणं पुरत नाहीत, गटार आणि पाणी बघावं लागतं. आणि ते कळायला मोजावं लागतं. स्वतःची कीर्ती ज्या कामावर उभी, त्याच कामाचा हिशोब मांडून तो आठशेवर पानांत छापणं, हे कंदील घेऊन फिरण्यापेक्षा अवघड होतं असं मला वाटतं.

मंत्री आकड्यांचे तक्ते वाचत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी चित्र काढलं. भाकरीचे बारा तुकडे करावेत तसं गोल, एकेका महिन्याला एकेक तुकडा. टाळता आलं असतं त्या आजारानं मेलेले निळ्या रंगात, जखमांनी मेलेले लाल, बाकीचे काळ्या रंगात. निळा रंग इतका पसरलेला की वाचता न येणाऱ्यालाही कळावं. हे १८५८ सालचं. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेनं त्यांना सभासद करून घेतलं, तिथली पहिली स्त्री.

दरम्यान तब्येत गेली होती. मे १८५५ मध्ये क्रिमियात त्यांना जबर ताप आला, जीव वाचला पण ताप पुरता गेलाच नाही. अंगदुखी, पाठीचा त्रास, धडधड, झोप नाही, मन खचणं. १८५७ नंतर वर्षानुवर्षं हे चाललं. काही वर्षं तर त्यांना चालताही येत नव्हतं. लोक म्हणायचे बाई नाटक करतात. पुढच्या काळातल्या डॉक्टरांचं मत असं की तो ब्रुसेलोसिस असावा. शेळ्या-गायी पाळणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. जनावर गाभडतं तोच हा रोग, कच्च्या दुधातून माणसाला होतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना सरकारी लस असते ती याचीच. ती टोचून घ्या आणि दूध उकळूनच प्या. असो.

आजारी बाईंनी स्वतःची निगा कशी ठेवली हेही बघण्यासारखं आहे. एका वेळी एकच माणूस भेटायला, तोही वेळ ठरवून. बाकी दार बंद. पलंग उजेडात. उशापाशी मांजरं. अंगात त्राण असेल तेवढा वेळ काम, नाहीतर पडून राहणं. त्या खोलीतून त्यांनी हजारो पत्रं लिहिली.

१८५९ च्या अखेरीला रुग्णसेवेवरचं त्यांचं छोटं पुस्तक आलं. ते नर्ससाठी नव्हतंच, घरी आजारी माणूस असलेल्या कुठल्याही बाईसाठी होतं. थोड्याच दिवसांत हजारो प्रती खपल्या, पुढं मजूर कुटुंबांसाठी स्वस्त आवृत्ती काढली. त्यातला मजकूर आपल्या गावात आजही लागू पडतो. खिडकी उघडा, पण पेशंटला गारठू देऊ नका. दाराबाहेर कुजबुजू नका, पेशंटला वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. न खाल्लेलं ताट उशाशी ठेवून जाऊ नका, थोडं थोडं वेळेवर द्या. झोप लागली का असं मोघम विचारू नका, किती वाजता लागली, किती वेळा जाग आली ते विचारा. जे दिसलं ते डॉक्टरला नेमकं सांगा.

भेटायला येणाऱ्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. काही होत नाही, बरे व्हाल म्हणणारे, आणि अमक्याचा काढा घ्या, तमक्याला दाखवा म्हणणारे. या दोन्हींनी पेशंट किती दमतो हे बाईंनी स्वतः भोगलेलं होतं. आपल्याकडं ऑपरेशन करून माणूस घरी आला की ओसरी भरते, चहाची दहा पातेली उतरतात आणि ती घरची सून करते, जी रात्रभर जागलेली असते. वाचताना मला तेच आठवलं.

आणि त्या सुनेबद्दलही त्यांनी लिहून ठेवलंय. एखादी बाई आजाऱ्यासाठी स्वतःची तब्येत, घरदार, सगळं पणाला लावते, पण आपण नसताना कोण काय करणार हे ठरवत नाही. तिच्यापेक्षा निम्मी माया असलेली पण कामाची वाटणी नीट लावणारी बाई पेशंटच्या जास्त उपयोगी पडते, असं त्या रोखठोक सांगतात. एकटीनं सगळं अंगावर घेणं त्यांना मोठेपणाचं वाटत नव्हतं. औषधाची वेळ, रात्रीची पाळी, दुपारी कोण बसणार, हे आधी ठरलेलं हवं.

१८६० मध्ये त्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ मुली. प्रत्येकीला स्वतंत्र खोली, जेवण, थोडा भत्ता. गरिबांच्या घरी जाणाऱ्या नर्सना दमून परत यायला घरासारखं घर हवं, हा आग्रह त्यांनी पुढंही धरला.

पण इथं बाईंची एक बाजू खटकते. सिडनी हर्बर्ट लष्कराच्या सुधारणांचं काम ओढत होते, त्यांचं मूत्रपिंड निकामी होत चाललं होतं, तरी बाई त्यांना थांबू देत नव्हत्या. ऑगस्ट १८६१ मध्ये ते गेले. बाई कोलमडल्या. १८६५ साली लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या मोठ्या इस्पितळात त्यांची शिकलेली शिष्या अॅग्नेस जोन्स बारा नर्स घेऊन गेली. तिथं हजारावर पेशंट. तिनं तीन वर्षांत त्या जागेचं रूप पालटलं आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये टायफसनं ती गेली. वय ३५. बाईंनी तिच्यावर लेख लिहिला, तिच्या जागी आणखी मुलींनी यावं म्हणून हाक दिली. जगाला वाटणी शिकवणाऱ्या बाईंना आपल्या जवळच्या माणसांच्या अंगावरचं ओझं मात्र वेळेवर दिसलं नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. बाई भारतात कधीच आल्या नाहीत, पण चाळीसेक वर्षं भारताचा विचार करत होत्या. १८५९ मध्ये भारतातल्या लष्कराच्या आरोग्यावर आयोग नेमला गेला. बाईंनी इथल्या छावण्यांना छापील प्रश्न धाडले. पाणी कुठून येतं, गटार कुठं जातं, किती आजारी, किती मेले. पेट्या भरून उत्तरं आली, ती लंडनच्या खोलीत बसून चाळली. भारतात गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ मरत होते, तेही बहुतेक आजारानं. १८६३ च्या अहवालानंतर पाणी, बराकी, सांडपाणी यांवर काम झालं आणि दहा वर्षांत तो आकडा १८ वर आला.

सुरुवातीला त्यांचं लक्ष गोऱ्या सैनिकावरच होतं, हे खरं. पण छावणीशेजारचं गाव घाण राहिलं तर छावणी नीट राहत नाही, हे आकड्यांनीच दाखवलं. मग त्या गावाकडं वळल्या आणि गावाकडून शेतकऱ्याकडं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं गेली, तेव्हा त्यांनी पाटबंधारे, तळी, सावकारी कर्ज यांवर लिहिलं. आमच्या धंद्याचा आणि आरोग्याचा संबंध त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. पोटात नाही तिथं औषध काय करणार? पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्यात १८८९ साली ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, त्याकडं त्यांचं बारीक लक्ष होतं. गावाकडून जो कर घेता, त्यातून आधी गावाचं पाणी आणि सांडपाणी बघा, रस्ते-पूल मागून, अशी मागणी त्यांनी लंडनच्या भारतमंत्र्यांपुढं ठेवली. सरकारनं ती मानली नाही. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेचा हिस्सा बांधून दिलेला होता. ग्रामसभेत त्यावरून भांडणं झालेली ज्यांनी ऐकलीत, त्यांना हा विषय जुना वाटणार नाही.

जंतूंमुळं रोग होतो हे त्यांनी फार उशिरा मान्य केलं. दुर्गंधीनं आणि कोंदट हवेनं रोग होतो असं त्या बरीच वर्षं धरून बसल्या. कारण चुकलं, पण गटार काढा, पाणी शुद्ध करा, हात धुवा हा उपाय तोच निघाला.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी अजून एक काम केलं. १८९२ मध्ये इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात गावोगावी जाणाऱ्या आरोग्य-शिक्षिका तयार करायला लावल्या. या बायकांनी आधी डॉक्टरकडं शिकायचं, परीक्षा द्यायची, मग खेड्यातल्या आयांच्या घरी जाऊन, त्यांच्या चुलीपाशी बसून मूल, पाणी, उकिरडा, हवा यांबद्दल बोलायचं. उपदेश नाही, हुकूम नाही, मैत्रीण म्हणून जायचं, अशी सक्त सूचना होती. आपल्या आशाताई २००५ नंतर आल्या. उन्हातान्हात वाडीवस्ती पालथी घालणाऱ्या आणि मानधनासाठी तालुक्याला मोर्चे काढणाऱ्या आशाताईंना ही गोष्ट कुणी सांगितली असेल का, काय माहीत.

१९०० नंतर बाईंची नजर गेली, आठवण पुसट झाली. लिहिणं बंद पडलं. १९०७ मध्ये इंग्लंडचा ऑर्डर ऑफ मेरिट त्यांना मिळाला, हा मान मिळालेली पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, दुपारी झोपेतच, लंडनच्या घरी त्या गेल्या. वय ९०. राजेरजवाड्यांना पुरतात त्या वेस्टमिन्स्टर अॅबेत जागा देऊ केली होती, नातेवाइकांनी नाही म्हटलं. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो नावाच्या खेड्यात, आईवडिलांजवळ, त्यांना पुरलं. दगडावर नावाची दोन आद्याक्षरं, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख आहे. दिवा कोरलेला नाही.